मिडल वॉच कोणाच्या नावावर?

प्रति,
मा. सचिव, माजी सैनिक कल्याण विभाग, संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली
आणि नौदलाच्या कार्मिक शाखेतील सर्व अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या आईच्या कमरेचा एमआरआय काढला. दोन मणक्यांमधली चकती झिजून मागे सरकली आहे, पायाकडे जाणारी नस दाबली गेली आहे. फिल्म उजेडात धरून डॉक्टरांनी विचारलं, "आजी, शेतात ओझी वाहिलीत की काय जन्मभर?" आई म्हणाली, "ओझी खंयची? घोवाक उचललंय, चाळीस वर्सां." डॉक्टर घाटावरचे. त्यांना मालवणी कळेना. मग मी सांगितलं, नवऱ्याला उचललं म्हणते ती.

तो नवरा म्हणजे माझे बाबा. भारतीय नौदलातले स्टोकर, म्हणजे जहाजाचे बॉयलर आणि इंजिन सांभाळणारे. जहाजाच्या बॉयलर रूममध्ये पडून त्यांचा मणका मोडला तेव्हा ते २९ वर्षांचे होते आणि मी तीन वर्षांची. बाबांच्या मणक्याची नोंद आपल्याकडे आहे. मेडिकल बोर्डाच्या कागदावर आहे, डिस्चार्ज बुकात आहे, पेन्शनच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, टक्क्यांसकट आहे. आईच्या मणक्याची नोंद कुठेच नाही. ती कुठेतरी व्हावी, आणि यापुढे नौदलातून जखमी होऊन घरी येणाऱ्या माणसाच्या बायकोवर, आईवर, लेकीवर ही पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

बाबा मालवण तालुक्यातले. घरी भात पुरेल एवढी शेती नव्हती, थोरला भाऊ मुंबईला गिरणीत, आणि समुद्र दाराशी. १९७१ च्या सुरुवातीला सोळा-सतरा वर्षांचे असताना ते नौदलात बॉय म्हणून भरती झाले आणि विशाखापट्टणमला प्रशिक्षणाला गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युद्ध पेटलं. ३ डिसेंबरच्या रात्री बंदराबाहेर पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडाली तेव्हा झालेल्या धमाक्याने बराकीतली पोरं अंथरुणात उठून बसली, हे बाबा आम्हांला पुन्हा पुन्हा सांगायचे. त्यानंतर आठवडाभरात, ९ डिसेंबरला, दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपलं जहाज सोडून आले नाहीत. ती बातमी कळली त्या दिवशी मेसमध्ये कुणी जेवलं नाही.

खुकरीचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. बाबांनी आयुष्यात कधी कशाची तक्रार केली नाही, त्याच्या मुळाशी ती रात्र होती. पुढे त्यांना कुणी म्हणालं, अरे तुझ्यावर अन्याय झाला, अर्ज कर, वर लिही, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "ते घराक इले नाय. मी इलंय." यावर कुणाला काही बोलता यायचं नाही. मलाही यायचं नाही. आज ते नाहीत म्हणूनच मी बोलू शकते आहे.

विशाखापट्टणमनंतर लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांनी इंजिनाचं काम शिकून घेतलं आणि मग दहाएक वर्षं जहाजांच्या पोटात काढली. स्टोकरचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. वर डेकवर वारा असतो, मावळता सूर्य असतो, फोटो काढण्यासारखं सगळं वरच असतं. खाली वाफेचे पाइप, तेलाचा वास, कानाचे पडदे फाटतील असा आवाज, आणि घामाने अंगाला चिकटलेला ओव्हरऑल. बाबांचा डावा कान तिथेच गेला. १९८३ च्या जुलैमध्ये ऐन पावसाळ्यात जहाज समुद्रात होतं. वॉच, म्हणजे कामाची पाळी, बदलायची वेळ. बाबा बॉयलर रूमच्या उभ्या लोखंडी शिडीवरून खाली उतरत असताना जहाजाने जोराचा रोल घेतला, तेलकट पायरीवरून पाय सुटला आणि ते पंधरा फूट खाली लोखंडी प्लेट्सवर पाठीवर आदळले. कमरेचा पहिला मणका चिरडला.

कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, आयएनएचएस अश्विनीमध्ये, त्यांच्यावर उपचार झाले. तिथल्या डॉक्टरांबद्दल आणि सिस्टरांबद्दल आमच्या घरी कायम आदरानेच बोललं गेलं. मी पुढे नर्स झाले त्यामागेही अश्विनीतल्या एका सिस्टरची बाबांनी सांगितलेली आठवण आहे. तिने त्यांना पहिल्यांदा आरशात स्वतःची पाठ दाखवली होती. म्हणाली होती, आता ही पाठ तुम्हांला जाणवणार नाही, म्हणून रोज बघायची.

तिथून ते खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात गेले. केंद्र १९७४ साली सुरू झालेलं, तेव्हा नवंच म्हणायचं. खुर्ची चालवायला, खुर्चीतून पलंगावर यायला, पायांना आधाराचे कॅलिपर बांधून कुबड्यांवर उभं राहायला ते तिथेच शिकले. मानेखालचं सगळं शरीर गेलेले आणि तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे जवान त्यांनी तिथे पाहिले. त्या माणसांपुढे आपलं दुःख बोलायची आपल्याला लाज वाटायची, असं म्हणायचे. तिथे राहायची सोय होती. मित्र होते. अंगावर जखम झाली तर बघायला माणूस होता. तरी ते १९८४ च्या उन्हाळ्यात गावी आले, कारण आई मला आणि धाकट्या भावाला घेऊन भेटायला गेली तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. आईच्या पदराआड लपले. एवढ्या एका गोष्टीवरून त्यांनी खडकी सोडली.

इथून पुढची गोष्ट आपल्या कोणत्याही फाइलमध्ये नाही.

बाबांना बोर्डाने ७० टक्के अपंग ठरवलं होतं. उजवा पाय पूर्ण गेलेला, डाव्यात थोडी ताकद, लघवीवर ताबा नाही, कमरेखाली स्पर्श नाही. आई तेव्हा पंचवीस वर्षांची, सातवीपर्यंत शिकलेली. बाबांना घरी सोडताना तिच्या हातात औषधांची चिठ्ठी, एक कॅथेटर आणि रेल्वेचं वॉरंट मिळालं. माणसाला पलंगावरून कसं उठवायचं, कुशीवर कसं वळवायचं, टाच कुठे उशीवर ठेवायची, कॅथेटर कसा उकळायचा, लघवीचा रंग बदलला तर काय समजायचं, यातलं कुणीही तिला बसवून शिकवलं नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी एका वॉर्डबॉयने दया येऊन अर्ध्या तासात जमेल तेवढं दाखवलं. त्या अर्ध्या तासावर आईने चाळीस वर्षं काढली.

मी गेली वीस वर्षं सरकारी रुग्णालयात नोकरी करते. म्हणून कामाचा हिशेब मला कळतो. मणका मोडलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर जखमा होतात आणि त्या हाडापर्यंत जातात. आमच्या वॉर्डात हे काम तीन पाळ्यांमध्ये वाटलेलं असतं. एक सिस्टर थकली की दुसरी येते. उचलायला दोघं लागतात, एकटीने उचलू नये असा आमच्याकडे दंडक आहे. घरी मात्र तिन्ही पाळ्यांना एकच बाई. तीच भात लावणार, तीच विहिरीचं पाणी काढणार. १९८६ पासून ती अंगणवाडीत जायला लागली, कारण पेन्शनमध्ये दोन मुलं आणि औषधं भागत नव्हती.

बाबा स्वस्थ पडून राहणारे नव्हते. घरी आल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी काथ्या मागवला आणि पलंगावर बसल्या बसल्या एक दोराची शिडी विणली. तिचं एक टोक पलंगाच्या पायथ्याला बांधलं. त्या शिडीच्या पायऱ्या हातांनी एकेक पकडत ते स्वतः उठून बसायला लागले, म्हणजे आईचं निम्मं उचलणं वाचलं. अशा शिड्या रुग्णांसाठी विकत मिळतात हे मला नर्सिंगला गेल्यावर समजलं. बाबांनी ती नौदलातल्या गाठींच्या ज्ञानावर स्वतःच शोधून काढली होती. गवंड्याला बोलावून पडवीच्या दोन पायऱ्यांवर चिऱ्याचा उतार घालून घेतला. स्वयंपाकघराचा ओटा फोडून खुर्चीत बसून हात पोचेल एवढा खाली घेतला. शेजारच्या बायका बघायला आल्या होत्या, पुरुषमाणसासाठी ओटा खाली घेतात म्हणजे काय!

आणि मग आमच्या घरात बाबा स्वयंपाक करायला लागले. आई अंगणवाडीत, आणि बाबा ओट्यापाशी. घावणे त्यांच्यासारखे जाळीदार मी अजून कुणाच्या हातचे खाल्ले नाहीत. बांगडे खुर्चीत बसूनच साफ करायचे, फळीवर, सुरीने, जहाजावरच्या सवयीने. माझी वेणी तेच घालायचे. तीन पेडांचा दोर वळतात तशी घट्ट, शाळा सुटेपर्यंत एक केस हलायचा नाही. भावाला पाढे, मला इंग्रजी, दोघांना पोहायला. हो, पोहायलाही. खाडीच्या काठाला दगडावर बसून कमरेला दोर बांधून त्यांनी आम्हांला पाण्यात सोडलं. बोलाइनची गाठ कधी सुटत नाही, घाबरू नको, असं वरून ओरडायचे. मी सहावीत असताना शाळेत निबंध होता, माझे वडील. मी लिहिलं, माझे वडील घरी असतात. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली, कारण त्यांना वाटलं मी विषय सोडून लिहिलंय. माझ्यासाठी तर त्याहून मोठी गोष्ट जगात नव्हती. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील मुंबईला होते, काहींचे बोटीवर. माझे घरी होते.

भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला असे. त्यावर बाबांनी खडूने नौदलाचे वॉच लिहिले होते आणि त्यापुढे आमची कामं. पहाटे ४ ते ८ मॉर्निंग वॉच, आईची: चूल, पाणी, त्यांची आंघोळ. ८ ते १२ फोरनून, बाबांची: स्वयंपाक. दुपारची बाबांचीच. संध्याकाळचे दोन छोटे डॉग वॉच माझे आणि भावाचे: तुळशीपुढे दिवा, कोंबड्या कोंडणं, बाबांच्या पायांना तेल. ८ ते १२ फर्स्ट वॉच बाबांनी स्वतःकडे ठेवली होती. आईने तेवढा वेळ अखंड झोपावं म्हणून ते दुखत असलं तरी हाक मारायचे नाहीत, बॅटरीच्या उजेडात आमच्या वह्या तपासत बसायचे. आणि रात्री १२ ते पहाटे ४, मिडल वॉच. तिच्यापुढे आईचं नाव. जहाजावर मिडल वॉच कुणालाच नको असते. झोपेच्या ऐन भरात उठायचं, आणि चार तासांनी पुन्हा दिवस सुरू. म्हणून ती पाळीपाळीने येते, आज तुझी, उद्या माझी. आमच्या पुठ्ठ्यावर चाळीस वर्षं एकच नाव राहिलं. बाबांना त्याची बोच होती. शेवटच्या आजारपणात मला म्हणाले, "मिडल वॉच मी तिका एकदाय सोडवूक शकलंय नाय."

आता नियमांबद्दल लिहिते, कारण मुद्दा तिथे आहे.

अपंगत्वाच्या पेन्शनचा सगळा हिशेब जखमी माणसाच्या शरीरावर होतो. जखम सेवेमुळे झाली का, सेवेमुळे वाढली का, किती टक्के, युद्धातली की एरवीची. एरवीच्या जखमेत १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, त्याखाली त्याच प्रमाणात. या टक्क्यांवरून किती माणसं न्यायालयात गेली! २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं, तिथे अपंग सैनिक जिंकायचे आणि सरकार त्यांच्याविरुद्ध वरच्या कोर्टात जायचं. १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टक्के वरच्या टप्प्यावर धरण्याचा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांनाही दिला. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षण मंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली, ती याच कोर्टकज्जांना आळा घालण्यासाठी. सप्टेंबर २०२३ मध्ये आपण नवे पात्रता नियम आणले, आणि माजी सैनिकांत पुन्हा खळबळ उडाली. मी या वादात शिरत नाही. मला एवढंच दिसतं की चाळीस वर्षांच्या या सगळ्या भांडणात दोन्ही बाजूंनी मोजलं गेलं ते माणसाचं शरीर. त्याला रात्री दोन वाजता कूस कोण बदलून देतं, हा प्रश्न कोणत्याच बाजूच्या कागदावर नव्हता.

एक अपवाद आहे, सततच्या सोबतीचा भत्ता, आपण ज्याला कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स म्हणता तो. सातव्या वेतन आयोगाने तो महिन्याला ६,७५० रुपयांवर नेला. पण त्याला अट १०० टक्के अपंगत्वाची. बाबांचे ७० टक्के. म्हणजे कागदावर माझ्या बाबांना सोबतीची गरज नव्हती. साहेब, ७० टक्के हा आकडा दोन्ही हात शाबूत असल्यामुळे आणि डाव्या पायात थोडी हालचाल असल्यामुळे आला होता. पण माकडहाडावर जखम व्हायला दोन्ही पाय जावे लागत नाहीत. कमरेखाली स्पर्श नसला की पुरे. मूत्राशयावर ताबा नसलेल्या माणसाला रात्री ताप भरतो तेव्हा तो टक्के विचारून येत नाही. आमच्या वॉर्डात कुणाला किती सोबत लागते हे आम्ही वेगळं मोजतो: स्वतः उठतो का, कूस बदलतो का, लघवी-परसाकडे कसं होतं, जेवण हाताने जेवतो का. पाच मिनिटांचं काम आहे. मेडिकल बोर्डाने टक्क्यांच्या शेजारी हेही लिहावं आणि भत्ता त्यावरून द्यावा, ही माझी पहिली मागणी. आणि तो सोबत करणाऱ्याच्या नावाने, तिच्या खात्यात जमा व्हावा. रक्कम कितीही असो. माझ्या आईला चाळीस वर्षांत एकदा जरी सरकारी कागदावर स्वतःचं नाव त्या कामापुढे दिसलं असतं, तरी तिला ते पैशापेक्षा जास्त वाटलं असतं, हे मी तिला ओळखून सांगते.

दुसरी मागणी याहून स्वस्त आहे. जखमी नौसैनिकाला घरी सोडण्याआधी त्याच्या घरच्या माणसाला पंधरा दिवस रुग्णालयात बोलवा, राहायची-जेवायची सोय करा आणि शिकवा. खुर्ची आणि पलंग यांच्यामध्ये गुळगुळीत फळी ठेवली तर माणूस सरकत जातो, उचलावा लागत नाही. उचलायची वेळ आलीच तर गुडघे वाकवायचे, कमर नाही. रुग्णाच्या कमरेला रुंद पट्टा बांधला तर धरायला जागा मिळते. या तीन गोष्टी मी आईला सांगितल्या तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तिने सोळा वर्षं बाबांना काखेत हात घालून उचललेलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्या आधी कोणी सांगल्यान असता तर." शिडीच्या जोडीला फळी आल्यावर पुढची चोवीस वर्षं उचलणं आणखी कमी झालं, पण जे झिजायचं ते झिजून गेलं होतं. खडकीला, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्राला, अश्विनीला हे ज्ञान भरपूर आहे. ते पेशंटबरोबर उंबऱ्याच्या आत यावं, एवढंच मागते आहे.

२०१८ च्या सप्टेंबरमधले ते तीन-चार दिवस आपल्याला आठवत असतीलच. कमांडर अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटे जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांची थुरिया नाव गोव्यात बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये जिच्यातून न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या मुंबईत बांधलेल्या सुहैलीच्याच घाटाची. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नाव उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली, टॉमींची पाठ मोडली. पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैल, आसपास कुणी नाही. त्यांनी कसाबसा संदेश पाठवला की पाठीला जबर मार लागलाय, उठता येत नाही. बाबांनी टीव्हीसमोरून खुर्ची हलवली नाही. २४ तारखेला फ्रेंचांच्या ओसिरिस जहाजाने त्यांना उचललं, नौदलाचं सातपुडा जहाज त्यांना परत घेऊन आलं. देशभर टाळ्या झाल्या. बाबांनी टीव्ही बंद केला आणि विचारलं, "तेच्या घराक कोण आसा?"

दुसरं काही विचारलं नाही त्यांनी. नाव किती फुटांची, लाटा किती उंच, काही नाही. मणके जोडून पाठीत टायटॅनियम बसवलेला तो माणूस पुन्हा चालायला शिकला, जानेवारी २०२१ मध्ये नौदलातून निवृत्त झाला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तीच शर्यत पुन्हा सुरू करून २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनी, दुसरा आला. कीर्ती चक्र त्याला आधीच मिळालेलं होतं. मला त्याचा फार अभिमान आहे. त्यांना पत्नी आहेत, दोन लहान मुलगे आहेत. त्या घरातही काही रात्री कुणीतरी जागलं असेल, हे मला कुणी सांगायला नको.

नौदलाने समुद्राच्या टोकावरून आपला माणूस परत आणला. असं करण्यात आपला हात धरणारा कुणी नाही. माझं म्हणणं आहे, त्याला धक्क्यावर उतरवून दिलं की काम संपत नाही.

हयातीच्या दाखल्याचीही एक गोष्ट सांगते. पेन्शन नव्या ऑनलाइन पद्धतीवर गेली त्या वर्षी बाबांच्या बोटांचे ठसे यंत्रात उमटेनात. कुबड्यांनी आणि खुर्चीच्या चाकांनी तळवे आणि बोटं घासून गुळगुळीत झाली होती. एका कार्यालयातून सांगण्यात आलं, प्रत्यक्ष या. चाळीस किलोमीटर रिक्षा करून गेलो. कार्यालय पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी वर जाऊन विनंती केली की खाली रिक्षात बसलेत, दोन मिनिटं येऊन बघा. उत्तर आलं, तशी पद्धत नाही. शेवटी मी आणि रिक्षावाल्या दादाने बाबांना खुर्चीसकट वर नेलं. वर पोचल्यावर बाबांनी खिशातून पेन काढून सही केली आणि त्या कर्मचाऱ्याला थँक यू म्हणाले. मी तिथेच रडले, बाबा नाही. तिसरी मागणी यातूनच येते: ज्याचा पीपीओ सांगतो की हा माणूस चालू शकत नाही, त्याच्याकडे वर्षातून एकदा आपला माणूस घरी यावा. आणि आलाच आहे तर सोबत करणारीचंही रक्तदाब-साखर-कंबर बघावी. माझ्या आईला स्वतःच्या कमरेसाठी दवाखान्यात जायला चाळीस वर्षं सवड मिळाली नाही. बाबा गेल्यावर दीड वर्षाने ती पहिल्यांदा माझ्याबरोबर आली. माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेमुळे तिचे उपचार होतात, ते मी मान्य करते, त्याबद्दल आभारही मानते. पण आता उपचार होणार ते झिजून गेलेल्याचे.

बाबांचं शेवटचं सुख मात्र नौदलानेच दिलं, तेही लिहायला हवं. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन आपण सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर, मालवण-तारकर्लीला केलात. आमच्या समुद्रात युद्धनौका उभ्या राहिल्या. गर्दीत खुर्ची नेणं शक्य नव्हतं, म्हणून भावाने ओळखीच्या एका घराच्या गच्चीवर त्यांना नेलं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. जहाजं ओळखायचा प्रयत्न करत होते. सगळी नवी, त्यांच्या वेळची एकही नाही. धूर नाही रे, म्हणाले, आता स्टोकर काय करत असतील? मग बराच वेळ काही बोलले नाहीत. अंधार पडल्यावर जहाजांवर दिवे लागले तेव्हा त्यांनी आईचा हात धरून तिला दाखवलं, खालून तिसरी रांग, पाण्याच्या जवळ, तिथे आम्ही असायचो. चाळीस वर्षांच्या संसारात आईने त्यांची कामाची जागा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, लांबून, अंधारात.

पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. मूत्रपिंडं निकामी झाली होती. मणका मोडलेल्या पुष्कळ माणसांचं असंच होतं. आईने तेव्हाही माकडहाडापाशी हात लावून पाहिला. चाळीस वर्षांत त्यांच्या पाठीला एकही मोठी जखम होऊ दिली नव्हती तिने. आमच्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, एकही नाही? एकही नाही.

आता आईच्या ऑपरेशनची तारीख ठरेल. ती अजून रात्री बाराला आणि दोनला उठते. पलंग रिकामा आहे हे लक्षात आलं की पाणी पिते आणि परत झोपते. कमरेच्या दुखण्याने उठते असं डॉक्टरांना सांगते. पुठ्ठा अजून भिंतीवर आहे, खडू पुसट झालाय. आपल्यापैकी कुणाला बघायला यायचं असेल तर जरूर या. पडवीला चिऱ्याचा उतार आहे, तो आम्ही तसाच ठेवला आहे.

आपली विश्वासू,
एका नौसैनिकाची मुलगी
मालवण तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग